मनाच्या शास्त्राची वंशावळ

त्र्यंबकेश्वरीं किंवा काशीस कोणी गेला, तर तेथील उपाध्ये प्रथम चोपडी काढतात आणि आपल्या आज्या-पणज्यांचीं नांवें आपणांस वाचून दाखवितात. ज्याला पणजोबांच्या पलीकडचें एकहि नांव ठाऊक नसतें, तोहि त्या क्षणीं थोडा सरसावून बसतो. घराण्याविषयीं इतकी आस्था बाळगणारे आपण, ज्या शास्त्रांच्या आधारानें हल्लीं आपल्या मुलांचें भवितव्य ठरविलें जातें, त्या शास्त्रांचें कूळ मात्र कधीं विचारीत नाहीं. दहावीच्या मुलाची कलचांचणी करवून घ्यावयाची, अभ्यासांत लक्ष नसलेल्या मुलीस समुपदेशकाकडे न्यावयाचें, नोकरीच्या मुलाखतीपूर्वीं स्वभावाची प्रश्नावली भरून द्यावयाची, हें आतां पुण्या-मुंबईपुरतें राहिलेलें नाहीं. आमच्या गुलमंडीसारख्या जुन्या पेठेंत, जेथें कापडाच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या गर्दींतून वाट काढीत सुपारी हनुमानापर्यंत पोंचावें लागतें, तेथेंहि ‘बुद्ध्यंक’ हा शब्द ओट्या-ओट्यावर ऐकूं येतो. हा अंक कोणीं, कशासाठीं आणि कोणत्या मुलांवरून काढला, हें विचारणारा मात्र विरळा.

असें विचारणें हाच ज्याचा उद्योग आहे, असा एक अभ्यासविषय आहे. मानसशास्त्राचा इतिहास आणि त्याची तात्त्विक मीमांसा, असें त्याचें थोडें लांबलचक नांव. पदवीनंतर या विषयांत अध्ययन करतां येतें, हें आम्हांसहि परवांपर्यंत ठाऊक नव्हतें. तें ठाऊक होण्यास आमच्या गल्लींतील एक मुलगी कारण झाली. शाळेंत असतां ती आमच्याकडे संस्कृताचे पाठ घेत असे. गेल्या वर्षीं तिनें मानसशास्त्रांत एम्. ए. केलें आणि घरीं सांगितलें कीं, पुढें संशोधन करीन तें याच विषयांत. घरांत गहजब झाला. तिचे काका आमच्याकडे आले. “गुरुजी, पोरीला तुम्हींच समजावून सांगा. समुपदेशनाची पदविका घेतली तर चार पैसे तरी मिळतील. इतिहासच करायचा होता तर मानसशास्त्र कशाला घेतलं?” प्रश्न रागानें विचारलेला असला तरी वेडगळ नव्हता. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. अध्यापनाच्या पदविकेच्या वेळीं थॉर्नडाइकचें मांजर आणि पाव्हलॉवचा कुत्रा एवढे दोनच प्राणी आम्हांस या शास्त्रांत भेटलेले. तेव्हां उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं चार महिने मागून घेतले. मुलगी पुस्तकें आणून देई, इंग्रजी अडेल तेथें उलगडून सांगे, आणि शिष्येचा शिष्य होण्यांत जी एक मौज असते ती आम्हीं या निमित्तानें अनुभविली. पुढील मजकूर हें त्या चार महिन्यांचें फळ होय.

या शास्त्राच्या इतिहासांत बहुधा पहिली सांगितली जाणारी गोष्ट मनाची नसून आकाशाची आहे. ग्रीनिचच्या वेधशाळेंत मॅस्केलिन हा राजज्योतिषी होता व किनब्रुक नांवाचा त्याचा मदतनीस होता. दुर्बिणींतील तारेवरून एखादा तारा केव्हां सरकला तें घड्याळाचे ठोके कानांनीं ऐकत, डोळ्यांनीं पाहून नोंदावयाचें, अशी त्या काळची रीत. किनब्रुकच्या नोंदी मॅस्केलिनच्या नोंदींहून सुमारें आठ-दशांश सेकंद मागें पडूं लागल्या. मॅस्केलिननें १७९६ सालीं त्याला कामावरून काढून टाकलें. पुढें बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाच्या वाचनांत ही हकीकत आली, आणि त्याच्या ध्यानांत आलें कीं, असा फरक निष्काळजीपणाचा नसून माणसामाणसांतील आहे. दोन निष्णात निरीक्षकांतहि तो निघतो. पाहणें आणि ऐकणें यांची सांगड घालावयास मनाला वेळ लागतो, आणि तो वेळ मोजतां येतो, या कल्पनेची वाट येथून मोकळी झाली. बिचाऱ्या किनब्रुकची नोकरी मात्र गेली ती गेलीच.

आम्हीं ही गोष्ट वाचली तेव्हां आम्हांस न्यायशास्त्र आठवलें. गौतमाच्या सूत्रांत मनाचें लक्षण सांगतांना म्हटलें आहे कीं, एकाच वेळीं दोन ज्ञानें उत्पन्न होत नाहींत, हीच मन असल्याची खूण. डोळा आणि कान दोन्ही उघडे असूनहि एका क्षणीं एकाच इंद्रियाचें ज्ञान होतें. म्हणून इंद्रियांहून निराळें, अणुपरिमाण असें मन मानलें पाहिजे. वेधशाळेंतील अडचण तीच. पण येथें जो उत्साह येतो तो आवरला पाहिजे, आणि हें आम्ही आपल्याच मंडळींस उद्देशून म्हणतों. ‘हें सारें आमच्याकडे आधींच होतें,’ असें म्हणून पान उलटणें हा इतिहास नव्हे. नैयायिकांस तारेवरून सरकणारा तारा वेळेंत पकडावयाचा नव्हता. त्यांस आत्मा आणि इंद्रियें यांमधील दुवा सिद्ध करावयाचा होता. एकच निरीक्षण दोन ठिकाणीं दोन भिन्न प्रश्नांसाठीं झालें, आणि प्रश्न भिन्न होते म्हणूनच उत्तरेंहि दोन दिशांना गेलीं. हा भेद नीट सांगणें हेंच या अभ्यासाचें खरें काम, असें आतां आमचें मत झालें आहे.

पाठ्यपुस्तकांत या शास्त्राचा जन्म १८७९ सालीं, लाइपझिग येथें, व्हुंट याच्या प्रयोगशाळेंत झाला असें दिलेलें असतें. अमेरिकेंतील बोरिंग या प्राध्यापकानें १९२९ सालीं लिहिलेल्या इतिहासानें ही कथा जगभर रूढ केली. बोरिंग हा टिचनरचा शिष्य आणि टिचनर हा व्हुंटचा. म्हणजे नातवानें आजोबांचें चरित्र लिहावें तसेंच तें झालें. त्यांत प्रयोगशाळेचें तेज फार आहे. परंतु त्याच व्हुंटनें १९०० पासून १९२० मध्यें मरण पावेपर्यंत भाषा, पुराणकथा आणि लोकाचार यांवर दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, आणि मनाचे उच्च व्यापार प्रयोगशाळेंत सांपडावयाचे नाहींत, ते समाजाच्या जीवनांतच शोधले पाहिजेत, असें त्याचें म्हणणें होतें. हे दहा खंड मागें पडले. प्रयोगशाळेच्या शताब्दीच्या सुमारास विद्वानांनीं मूळ जर्मन ग्रंथ पुन्हां उघडले, तेव्हां कोठें वंशावळींतून गळालेली ही शाखा दिसूं लागली. मूळ ग्रंथ न वाचतां टीकेवरून टीका लिहिण्याचा रोग आपल्या पाठशाळांतच आहे असें आम्हांस वाटत असे. तो सार्वत्रिक आहे हें पाहून थोडें समाधानहि वाटलें.

अशा शोधांतूनच हा विषय स्वतंत्र झाला. अमेरिकेंत रॉबर्ट वॉटसन यानें १९६० सालीं, मानसशास्त्राचा इतिहास हें एक उपेक्षित क्षेत्र आहे, अशी तक्रार लिहिली. १९६५ सालीं या विषयाचें एक त्रैमासिक निघालें आणि त्याच वर्षीं ॲक्रन येथें मानसशास्त्रज्ञांचीं पत्रें, टिपणें, उपकरणें जतन करणारें दफ्तर स्थापन झालें. १९६७ सालीं न्यू हॅम्पशर विद्यापीठांत वॉटसननेंच या विषयांतील पीएच्. डी. चा अभ्यासक्रम उभारला. पुढें कॅनडांत टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठांतहि इतिहास व सिद्धान्त या नांवानें पदव्युत्तर शाखा निघाली. त्या विद्यापीठांतले कुर्ट डँझिगर यांची एक हकीकत येथें सांगितल्याशिवाय आमच्यानें राहवत नाहीं.

डँझिगर हे तरुणपणीं, १९५७ ते १९५९ या काळांत, जावा बेटावरील योग्यकर्ता येथील गाजा मादा विद्यापीठांत मानसशास्त्र शिकवीत होते. तेथें त्यांस कळलें कीं, आपले एक स्थानिक सहकारी दुसरेंच एक मानसशास्त्र शिकवितात, तें जावाच्या परंपरेंतील. योग्यकर्ता हें नांव अयोध्येवरून आलें आहे हें वाचकांस ठाऊक असेल. तेव्हां ती परंपरा आपणांस अगदींच परकी नव्हे. दोघांनीं मिळून एक संयुक्त वर्ग चालवावा असें ठरलें, आणि विषयांची यादी करावयास बसले. डँझिगर यांनीं प्रेरणा, बुद्धिमत्ता, शिकणें अशीं पाश्चात्य पुस्तकांतील प्रकरणें सुचविलीं. सहकारी म्हणाले, या प्रत्येकांत तुम्ही ज्या गोष्टी एकत्र बांधतां त्यांचा आमच्या दृष्टीनें परस्परांशीं संबंधच नाहीं. मग त्यांनीं आपले विषय सुचविले. ते डँझिगर यांस तसेच विस्कळित वाटले. वर्ग झालाच नाहीं. पण ज्यांस आपण मनाचे नैसर्गिक विभाग समजतों ते आपल्या भाषेनें पाडलेले विभाग तर नव्हेत ना, हा कांटा त्यांच्या मनांत राहिला, आणि सुमारें चाळीस वर्षांनीं, १९९७ सालीं, ‘मनाचें नामकरण’ अशा अर्थाच्या नांवाचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

गुलमंडींत राहणाऱ्यास हा कांटा समजणें कठिण जाऊं नये. आमच्या वडिलांचें शालेय शिक्षण निजामशाहींत उर्दू माध्यमांतून झालें. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ निघालें, त्याचें सारें उच्च शिक्षण उर्दूंतून होई, आणि त्यासाठीं भाषांतराचें एक मोठें खातेंच उघडलेलें होतें. उर्दूचा प्रसार करणाऱ्या अंजुमनचें ठाणेंहि मौलवी अब्दुल हक यांच्यामुळें कित्येक वर्षें येथें औरंगाबादेंतच होतें. त्या भाषेंत या शास्त्राला ‘नफ्सियात’ म्हणतात. हा ‘नफ्स’ कोण? सूफींच्या बोलण्यांत तो पहिल्या अवस्थेंत वाईटाकडे ओढणारा, दुसरींत स्वतःलाच दोष देणारा आणि तिसरींत शांत झालेला असा असतो; त्याला जिंकावयाचें असतें. म्हणजे शास्त्राच्या नांवांतच साधना आली. मराठींत आपण ‘मानसशास्त्र’ म्हणतों. पण सांख्यांना विचाराल तर मन हें बुद्धि आणि अहंकार यांच्या खालचें, संकल्प-विकल्प करणारें एक इंद्रिय. त्या हिशेबानें पाहतां आपण शास्त्राला घरमालकाचें नांव न देतां कारभाऱ्याचें नांव दिलें आहे. आणि गुलमंडीहून नागसेनवनाकडे गेलें तर तिसरीच तऱ्हा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं येथें काढलेल्या महाविद्यालयास ‘मिलिंद’ हें नांव आहे, तें ज्या ग्रंथावरून पडलें त्यांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदास विचारतो कीं, आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, जूं म्हणजे रथ काय? रथ जसा अवयवांच्या जुळणीला दिलेलें नांव, तसाच माणूसहि, असा त्या संवादाचा रोख. दीड-दोन कोसांच्या आंत मनाविषयींच्या तीन भाषा नांदतात, आणि महाविद्यालयांत चौथीच शिकविली जाते. या चारांचा परस्परांशीं हिशेब कोणीं मांडावयाचा?

मराठींत असा हिशेब मांडण्याचे प्रयत्न झालेले आहेत, आणि ते विसरण्याजोगे नाहींत. लोकमान्यांच्या गीतारहस्यांत (१९१५) क्षेत्रक्षेत्रज्ञविचाराचें जें प्रकरण आहे तें आम्हीं पूर्वीं धर्मग्रंथ म्हणून वाचलें होतें; या वेळीं मानसशास्त्र म्हणून वाचलें. मन हें वकिलासारखें बाजू मांडणारें आणि बुद्धि ही निर्णय देणारी. त्या बुद्धीचेहि व्यवसायात्मक आणि वासनात्मक असे भेद. आणि या सर्वांची पाश्चात्य नीतिशास्त्रज्ञांच्या सदसद्विवेकाशीं केलेली तुलना. तेथें कोठेंहि ‘आमच्याकडे होतेंच’ एवढ्यावर भागविलेलें नाहीं. प्रत्येक ठिकाणीं कोणता शब्द कोठपर्यंत पोंचतो तें तपासलें आहे.

दुसरा प्रयत्न के. ना. वाटवे यांच्या ‘रसविमर्शा’चा (१९४२). भरताचे स्थायिभाव आधुनिक मानसशास्त्राच्या उजेडांत पाहावयाचे, असा त्या ग्रंथाचा संकल्प. मॅक्डूगल या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९०८ सालीं सहजप्रवृत्ति व त्यांना जोडलेल्या मूळ भावना यांची यादी दिली होती; तींतील भीति, किळस, आश्चर्य व क्रोध या भावना आपल्या भय, जुगुप्सा, विस्मय व क्रोध यांच्याशेजारीं अगदीं चपखल बसतात. शोक व उत्साह यांना मात्र तशी जोडी त्या यादींत सहज सांपडत नाहीं. ग्रंथ विद्वत्तेचा आहे आणि आम्हीं तो आदरानेंच वाचला. परंतु आजच्या अभ्यासकाला एक गोष्ट दिसल्याशिवाय राहत नाहीं. मॅक्डूगलच्या सहजप्रवृत्तींवर अमेरिकेंत १९२० नंतर जोराचा हल्ला झाला होता, आणि खुद्द मॅक्डूगल १९३८ सालीं वारला. म्हणजे दोन हजार वर्षें टिकलेला रससिद्धान्त आपण ज्या खुंटीला टांगीत होतों ती तिकडे भिंतींतून सुटत आलेली होती! यांत वाटव्यांचा दोष काढावयाचा नाहीं. शास्त्र म्हणून जें समोर येतें त्याचें वय व प्रकृति विचारण्याची सोय त्या काळीं आपल्याकडे नव्हती. ती असती, तर कदाचित् प्रश्न उलटाहि विचारला गेला असता, कीं शोकाला ज्या यादींत जागा नाहीं ती भावनांची यादी पुरी कशी?

तथापि ज्या घरांत मूल शाळेंत जातें त्या घराला रसचर्चेपेक्षां बुद्ध्यंकाचें अधिक. म्हणून त्याची वंशावळ थोडी विस्तारानें सांगतों. पॅरिसमध्यें आल्फ्रेड बीने यानें, सिमॉन या डॉक्टराच्या साह्यानें, १९०५ सालीं चांचण्यांची पहिली श्रेणी तयार केली. सर्व मुलांना शिक्षण सक्तीचें झालें होतें आणि कांहीं मुलें वर्गाबरोबर चालूं शकत नव्हतीं. त्यांना निराळें, अधिक काळजीचें शिक्षण देतां यावें म्हणून तीं ओळखून काढावयाचीं होतीं. एवढाच हेतु. बुद्धि ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी राशि आहे असें मानणाऱ्यांस बीनेनें १९०९ सालच्या आपल्या पुस्तकांत स्पष्ट विरोध केला आहे. तो १९११ सालीं वारला. पुढच्याच वर्षीं स्टर्न या जर्मनानें मानसिक वयास खऱ्या वयानें भागण्याची युक्ति काढली. १९१६ सालीं स्टॅनफर्डच्या टर्मननें तिला शंभरानें गुणून आजचा बुद्ध्यंक रूढ केला, आणि तो तर बुद्धि आनुवंशिक असते या मताचा कट्टा पुरस्कर्ता होता. मदतीसाठीं केलेली मोजपट्टी वर्गवारीचें हत्यार झाली, ती अशी दहा-अकरा वर्षांत.

तीच मोजपट्टी मग आपल्याकडे आली. लाहोरास राइस यांनीं हिंदुस्थानींतून केलेली श्रेणी १९२९ सालीं प्रसिद्ध झाली. आपल्या जवळचें काम तें डॉ. व्ही. व्ही. कामत यांचें. टर्मनच्या श्रेणीचें त्यांनीं कानडी आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीं रूपांतर केलें, आणि हिंदी मुलांचें बुद्धिमापन या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला. ‘बीने-कामत चांचणी’ या नांवानें ती आजहि वापरली जाते. रूपांतर म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. कोणता प्रश्न कितव्या वर्षाच्या मुलाला यावा हें इकडच्या मुलांवर पडताळून पाहावें लागतें, आणि तें कष्ट कामतांनीं घेतले. पण शब्दाचें काय? टर्मनच्या शब्दाला आपण ‘बुद्धि’ म्हटलें. ज्या घरांत मुंजीच्या दिवशीं मुलाला बुद्धीस प्रेरणा मिळावी म्हणून मंत्र देतात, जेथें गीतारहस्य वाचणारे आजोबा बुद्धि म्हणजे सार-असार निवडणारी शक्ति असें सांगतात, त्या घरांत कागद येतो कीं, मुलाची बुद्धि पंचाऐंशी! चांचणीला म्हणावयाचें असतें इतकेंच कीं, अमुक प्रश्नांत हा मुलगा आपल्या वयाच्या मुलांच्या सरासरीहून थोडा मागें आहे. आईला ऐकूं येतें तें निराळेंच. चौतीस वर्षांच्या नोकरींत आम्हीं अशा आया पुष्कळ पाहिल्या, आणि एकदां कागदावर आलेला आंकडा घराच्या तोंडीं बसला म्हणजे मुलगाहि त्या आंकड्यासारखाच वागूं लागतो हेंहि पाहिलें. या एका शब्दाचा मराठींतील प्रवास जरी कोणी नीट लिहिला, तरी त्या प्रबंधाचा उपयोग दहा समुपदेशकांना होईल. काकांच्या प्रश्नाला आमचें पहिलें उत्तर हेंच होतें.

आतां हिंदुस्थानांत हें शास्त्र कसें आलें तें. कलकत्त्यास १९०५ च्या सुमारास ब्रजेंद्रनाथ सील यांनीं अभ्यासक्रम आंखला, आणि १९१६ सालीं नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखालीं स्वतंत्र विभाग सुरू झाला. सेनगुप्त हार्वर्डला म्युन्स्टरबर्गजवळ शिकलेले. म्युन्स्टरबर्ग हा व्हुंटचा शिष्य. म्हैसुरास १९२४ सालीं गोपालस्वामींनीं विभाग काढला. ते लंडनास स्पीअरमनचे विद्यार्थी, आणि स्पीअरमनहि लाइपझिगलाच व्हुंटकडे पदवी घेऊन आलेला. म्हणजे आपलीं दोन्ही आद्य पीठें एकाच आजोबांचीं! गिरींद्रशेखर बोस मात्र स्वयंभू. पेशानें डॉक्टर, १९२१ सालीं कलकत्ता विद्यापीठाची मानसशास्त्रांतील डी. एस्सी. मिळविली, १९२२ सालीं मनोविश्लेषणाची संस्था स्थापन केली, आणि खुद्द फ्रॉइडशीं वर्षानुवर्षें पत्रव्यवहार करून १९२९ सालीं त्याला कळविलें कीं, माझे हिंदी रुग्ण युरोपीय रुग्णांसारखे दिसत नाहींत. व्हिएन्नाच्या आचार्याला असें लिहावयास त्या काळीं छाती पाहिजे.

महाराष्ट्रांत पुण्याचें विद्यापीठ १९४९ सालीं निघालें आणि पुढच्याच वर्षीं तेथें प्रा. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखालीं प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उघडला. ‘प्रायोगिक’ हें विशेषण लक्षांत घ्यावें. तत्त्वज्ञानाच्या घरांतून वेगळें निघून निराळी चूल मांडल्याची ती पाटी होती. आमच्याकडे मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालीं झालें व १९९४ पासून तें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथेंहि या विषयाचा विभाग आहे. पुण्याच्याच परंपरेंतून निघून ज्यांनीं या चुलीचें जुन्या घराशीं पुन्हां नातें जोडलें, ते आनंद परांजपे. पुण्यास पीएच्. डी., मग हार्वर्डला एरिक एरिक्सन यांच्याजवळ अध्ययन, आणि पुढें कॅनडांत सायमन फ्रेझर विद्यापीठांत अध्यापन. तात्त्विक मानसशास्त्रांत पूर्व व पश्चिम यांची भेट हा त्यांचा १९८४ सालच्या ग्रंथाचा विषय. १९९८ सालच्या ग्रंथांत ‘मी’ म्हणजे कोण या प्रश्नाला एरिक्सन व वर्तनवादी काय म्हणतात आणि न्याय, वेदान्त व बौद्ध काय म्हणतात, हें त्यांनीं समोरासमोर बसवून विचारलें आहे. मराठी घरांतील माणसानें संस्कृत आणि आधुनिक शास्त्र या दोन्हींना सारखाच मान देऊन केलेलें एवढें काम आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं. तें त्यांस कॅनडांत बसून करावें लागलें, ही गोष्ट मात्र आम्हांस बोंचते.

येथें काकांच्या शंकेस पुन्हां वाव मिळतो, आणि ती आम्ही झटकून टाकीत नाहीं. आपल्याकडे या नांवाची स्वतंत्र पदवी देणारा विभाग आम्हांस आढळला नाहीं. ज्याला हें करावयाचें त्यानें मानसशास्त्रांत किंवा तत्त्वज्ञानांत एम्. ए. करावें आणि पीएच्. डी. चा विषय तसा निवडावा, एवढीच वाट. मार्गदर्शक मिळणें हें पहिलें संकट. प्रश्नावली छापावी, दोनशे विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावी आणि आंकडे काढावेत, ही रीत इतकी रुळलेली आहे कीं, ग्रंथ वाचून प्रबंध लिहितों म्हटलें तर पुष्कळ ठिकाणीं ‘नमुना किती मुलांचा?’ असाच प्रश्न येतो. दुसरें संकट भाषांचें. जर्मन किंवा फ्रेंच यांपैकीं एक तरी, आणि आपल्या बाजूस संस्कृत, पाली, उर्दू यांतील निदान एक, इतकी शिदोरी हवी. आंकडेशास्त्र टाळण्यासाठीं इकडे येऊं पाहणाऱ्यानें तर येऊंच नये. ज्याला मोजमापाची परीक्षा करावयाची, त्याला मोजतां आलें पाहिजे.

अनुकूल गोष्टीहि आहेत. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या अध्यापक-पात्रता परीक्षेच्या अलीकडील अभ्यासक्रमांत मानसशास्त्राचें पहिलेंच प्रकरण या विषयाचें आहे. गीता, बौद्ध विचार, सूफी मत आणि श्रीअरविंदांचा पूर्णयोग यांतील मनोविचार, स्वातंत्र्यापूर्वीं व नंतर या देशांत झालेली शास्त्राची वाटचाल, आणि प्रयोगैकनिष्ठेमुळें शास्त्रावर आलेलें अरिष्ट, हें सर्व त्यांत घातलेलें आहे. जें प्रत्येक भावी प्राध्यापकाला परीक्षेसाठीं वाचावें लागतें, तें नीट शिकविणारा कोणी तरी लागेलच. समाजशास्त्र संशोधन परिषद व तत्त्वज्ञान संशोधन परिषद या दोन्ही अखिल भारतीय संस्था संशोधनास शिष्यवृत्त्या देतात. मुलीला आम्हीं सांगितलें तें असें: पात्रता-परीक्षा आधीं दे, म्हणजे पोटापाण्याची वाट मोकळी होईल, समुपदेशनाची पदविका घ्यावयास कांहीं हरकत नाहीं, उलट ज्या चांचण्यांचा इतिहास लिहावयाचा त्या स्वतः मुलांपुढें बसून वापरून पाहा, आणि विषय लहान घे. ‘हिंदुस्थानांतील मनोविचार’ असला ब्रह्मांडाएवढा विषय घेणारे आम्हीं पुष्कळ पाहिले. त्यांचे प्रबंध प्रस्तावनेंतच म्हातारे होतात. काकांना हें अर्धेंच पटलें. परीक्षा व पदविका यांस त्यांची संमति आहे. पुढचें पुढें पाहूं म्हणतात. मुलीनें बुद्धिमापनाच्या मराठी परिभाषेचा इतिहास हा विषय मनांत धरला आहे.

या कामाला लागणारी सामग्री मोठ्या ग्रंथालयांपेक्षां घराघरांच्या माळ्यांवरच अधिक असावी असा आमचा तर्क आहे. जुन्या अध्यापन-महाविद्यालयांतील बालमानसशास्त्राच्या वह्या, उर्दू किंवा मराठींतील पाठ्यपुस्तकें, शाळेंत वांटलेल्या बुद्धिमापनाच्या छापील पत्रिका, शिक्षकांनीं मुलांविषयीं ठेवलेल्या नोंदी, अशा वस्तूंना आपण रद्दी म्हणतों. १९६० पूर्वींचें असें कांहीं ज्या वाचकांच्या घरीं असेल, त्यांनीं तें दिवाळीच्या सफाईंत विकून टाकूं नये. पुस्तक किंवा वही असेल त्याच स्थितींत ठेवावी. बांधणी सुटली असल्यास दोऱ्यानें बांधावी, चिकटपट्टी लावूं नये. आणि ती कोणाची, कोणत्या गांवची व कोणत्या सालची, एवढें एका चिठ्ठीवर लिहून आंत घालून ठेवावें. मुलांचीं नांवें असलेले कागद मात्र कोणाहि परक्याच्या हातीं देऊं नयेत.